इटलीच्या खानावळीत शेतकऱ्याचे ताट

इटली देशात एक जुनी म्हण आहे: ‘चीज आणि नासपती एकत्र खाल्ले तर किती गोड लागते, हे शेतकऱ्याला कळू देऊ नका.’ म्हण जुन्या काळची आहे आणि ती शेतकऱ्याच्या तोंडची नव्हे, हे सांगायला नकोच. चीज त्याच्याच मेंढीच्या दुधाचे, नासपतीचे झाड त्याच्याच बांधावरचे. पण या दोन्हींची जोडी त्याला कळता कामा नये, कारण कळली तर तो त्या वस्तू घरी ठेवील, नाहीतर त्यांचा दाम मागेल.

आज त्याच देशातील साध्या खानावळीत जाऊन बसले, तर जेवणाच्या शेवटी हेच चीज आणि हीच नासपती बशीत घालून आणून देतात. चीज कोणत्या गावचे हे यादीत छापलेले असते. कधीकाळी गरीब कुळाच्या घरी शिजणारे जेवण आता दूरदूरचे लोक पैसे मोजून, चवीने खातात. हा पालट कसा झाला, त्या खानावळीत जेवण कसे असते आणि त्यातून आपल्यासारख्या शेतकरी कुटुंबांनी काय घ्यावे, ते आज पाहू.

पिझ्झा आणि पास्ता हे शब्द आता खेड्यातील मुलांनाही ठाऊक झाले आहेत. तालुक्याच्या गावी पिझ्झा मिळतो, दुकानात पास्त्याची पाकिटे मिळतात. कोणाचा मुलगा, कोणाची सून परदेशी असते; त्यांच्याकडे जाण्याचा योगही काही कुटुंबांना येतो. म्हणून हे जेवण मुळात जिथले, तिथे ते कसे खातात याची माहिती असलेली बरी.

खानावळीचे प्रकार

इटलीत बाहेर जेवायच्या जागांना निरनिराळी नावे आहेत. ‘रिस्तोरांते’ म्हणजे टापटिपीचे, बहुधा महागडे हॉटेल. ‘त्रात्तोरिया’ म्हणजे घरगुती खानावळ. बहुतेक ठिकाणी एकच कुटुंब ती चालवते. आई किंवा मावशी चुलीपाशी, मुलगा-सून वाढायला आणि म्हातारा गल्ल्यावर. ‘ऑस्तेरिया’ ही पूर्वी द्राक्षाची दारू पिण्याची आणि सोबत चार घास खाण्याची जागा होती. आज तीही त्रात्तोरियासारखीच झाली आहे. ‘पिझ्झेरिया’ म्हणजे पिझ्झ्याची भट्टी असलेली जागा. ही नावे आज एकमेकांत मिसळली आहेत, तरीही साधे जेवण पाहिजे असेल तर त्रात्तोरिया शोधावी.

वेळेची एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथे दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते अडीचच्या दरम्यान आणि रात्रीचे साडेसातच्या पुढे. मधल्या वेळात बऱ्याच खानावळींची चूल बंद असते. आपल्याकडे एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलात केव्हाही जाऊन भजी मागावी, तसे तिथे चालत नाही.

जेवणाचा क्रम

आपल्या ताटात भाजी, भाकरी, आमटी, भात, चटणी सगळे एकदम वाढतात. इटलीत तसे नसते; एकेक वाढप संपले की पुढचे येते.

आधी ‘आंतीपास्तो’, म्हणजे तोंडी लावणे: भाजलेल्या पावावर लसूण चोळून वर ऑलिव्हचे तेल, किंवा तेलातल्या भाज्या. मग ‘प्रीमो’, म्हणजे पहिले ताट. त्यात पास्ता, भात किंवा घट्ट सूप. नंतर ‘सेकोंदो’, म्हणजे दुसरे ताट, ते बहुधा मांसाचे किंवा माशाचे. त्याच्या जोडीला ‘कोंतोर्नो’, म्हणजे भाजी किंवा कोशिंबीर. ती वेगळी मागावी लागते. शेवटी ‘दोल्चे’, म्हणजे गोड पदार्थ, आणि अगदी लहान पेल्यात कडक कॉफी. सगळी ताटे मागवलीच पाहिजेत असे नाही. एक प्रीमो आणि एक भाजी घेऊन उठले तरी कोणी नाक मुरडत नाही.

बिलात ‘कोपेर्तो’ नावाची रक्कम दिसली तर फसवणूक झाली असे समजू नये. ती माणशी बसण्याची आकारणी असते, बहुधा एक ते तीन युरो, आणि ती यादीत आधीच लिहिलेली असावी लागते. पाणी बाटलीतले येते आणि त्याचे पैसे पडतात. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत. आपणहून बिल पुढे करणे म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हणण्यासारखे ते समजतात.

आपल्यातील माळकरी आणि शाकाहारी मंडळींसाठी दोन गोष्टी. भाजीच्या किंवा कडधान्याच्या सूपमध्येही कधी डुकराच्या मांसाचा तुकडा घातलेला असतो, तेव्हा ‘सेंत्सा कार्ने’, म्हणजे ‘मांसाशिवाय’, असे स्पष्ट सांगावे. दुसरे म्हणजे, ‘पार्मिजानो’ हे प्रसिद्ध चीज करताना दूध गोठवायला वासराच्या पोटातील विरजण वापरतात. ज्यांना हे चालत नाही त्यांनी पास्त्यावर चीज किसून घालू नये असे आधीच सांगावे.

ताटातले पदार्थ कोणाच्या घरचे?

आता ताटात काय आहे ते पाहू. उदाहरणादाखल मध्य इटलीतील टस्कनी प्रांत घेऊ. डोंगरउताराची जमीन, गहू, ऑलिव्ह, द्राक्षे आणि मेंढ्या. सिएना या शहराच्या आसपास कोणत्याही त्रात्तोरियात बसले, तर यादीत खालील नावे हमखास आढळतात.

‘रिबोल्लिता’ या शब्दाचा अर्थच ‘पुन्हा उकळलेले’. शिळा पाव, पांढरा घेवडा, काळसर पानांची कोबीवर्गीय भाजी, कांदा आणि गाजर यांचे घट्ट सूप. एके दिवशी मोठे पातेले भरून करायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळून खायचे. ‘पान्झानेल्ला’ म्हणजे शिळा पाव पाण्यात भिजवून, पिळून, त्यात कांदा, टोमॅटो, काकडी, तेल आणि सिरका घालून केलेली उन्हाळ्यातली थंड कोशिंबीर. ‘पाप्पा अल पोमोदोरो’ म्हणजे शिळा पाव आणि टोमॅटो यांचे सरबरीत कालवण. आपल्या घरी शिळ्या भाकरीचा कुस्करा किंवा शिळ्या पोळीचा फोडणीचा चुरा करतात, त्याच जातीचे हे पदार्थ. अन्न टाकायचे नाही, हे दोन्हीकडच्या गृहिणींचे पहिले शास्त्र.

‘पीची’ म्हणजे कणीक आणि पाणी मळून, हाताने पोळपाटावर वळलेल्या जाड शेवया. त्यावर लसूण-टोमॅटोचे कालवण घालतात. एका प्रकारात फक्त तेलात परतलेला पावाचा चुरा घालतात, कारण ज्याला चीज परवडत नसे, तो त्याऐवजी चुरा घाली. आज तोच चुऱ्याचा पदार्थ यादीत मानाने लिहिलेला असतो.

‘फार्रो’चे सूप मिळाले तर आपल्या लोकांनी ते जरूर चाखावे. फार्रो म्हणजे दुसरे काही नसून आपला खपली गहू. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात खिरीसाठी आणि पुरणपोळीसाठी जो जपून ठेवतात, त्याच जातीचा. टस्कनीच्या उत्तरेला गार्फान्याना नावाचे डोंगरी खोरे आहे. तिथल्या फार्रोला १९९६ मध्ये युरोपात नावाचे संरक्षण मिळाले.

पाव मात्र अळणी असतो. टस्कनीत पावात मीठ घालत नाहीत, ती तिथली पूर्वापार रीत आहे. त्यामुळे पहिला घास फिका लागेल. पण कालवणाबरोबर खाल्ला की गोडी कळते. जेवण संपल्यावर बशीतले कालवण पावाच्या तुकड्याने पुसून खाणे, याला ते ‘स्कार्पेत्ता’ म्हणतात. उंची हॉटेलात हे करणे बरे दिसत नाही; खानावळीत मात्र त्याने स्वयंपाकिणीला समाधानच वाटते.

अर्धेलीची शेती

हे पदार्थ जिथून आले, ती घरे कुळांची होती. टस्कनी आणि मध्य इटलीत कित्येक शतके ‘मेझ्झाद्रिया’ नावाची पद्धत होती. ‘मेझ्झो’ म्हणजे अर्धा. आपल्याकडची अर्धेलीच ती. जमीन आणि घर मालकाचे, राबणूक कुळाच्या सगळ्या कुटुंबाची आणि पिकातला निम्मा वाटा मालकाचा. खळ्यावर कारभारी उभा राहून मोजमाप करी. चांगला गहू, चांगले तेल, चांगले चीज बाजारात आणि वाड्यावर जाई. घरी उरे ते शिळा पाव, घेवडा आणि परसातला पाला. त्या उरलेल्यातून घरच्या बायकांनी जे शिजवले, तेच आजचे रिबोल्लिता आणि पान्झानेल्ला. सुरुवातीला सांगितलेल्या म्हणीचा अर्थ या खळ्यावर उभे राहिले की नीट उमगतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर कुळांनी मोठा लढा दिला. १९६४ मध्ये कायदा होऊन अर्धेलीचे नवे करार बंद झाले आणि चालू करारांत कुळाचा वाटा ५८ टक्के झाला. १९८२ च्या कायद्याने उरलेले करार खंडात बदलून घेण्याची वाट मोकळी झाली. आपल्याकडे मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. ज्यांच्या घरी त्या दिवसाची आठवण आहे, त्यांना हा इतिहास परका वाटणार नाही.

मात्र कायदा होईपर्यंत इटलीतील पुष्कळ तरुण शेती सोडून कारखान्यात गेले होते. डोंगरावरची दगडी घरे ओस पडली. शहरात गेलेल्या या मुलांना आईच्या हातचे जेवण आठवू लागले आणि खानावळीच्या यादीत रिबोल्लिता मानाने आली, त्यामागे या आठवणीचा वाटा मोठा आहे.

गव्हाची पारख

आता पास्त्याविषयी थोडे, कारण तो आपल्या शेतीशी सरळ जोडलेला आहे. वाळवलेला पास्ता डुरम गव्हाचा असतो. डुरम म्हणजे आपला बन्सी किंवा बक्षी गहू: दाणा कडक, काचेसारखा, आतून पिवळसर. दळला की त्याचा मैदा न होता रवा पडतो. त्या रव्यात पाणी घालून मळायचे, साच्यातून काढायचे आणि वाळवायचे. शिजल्यावर तो लगदा होत नाही, दाताला किंचित चावा लागतो. याला इटालियन लोक ‘अल देन्ते’ म्हणतात. आपल्याला तो कच्चा वाटण्याचा संभव आहे, पण त्यांच्या मते तोच नीट शिजलेला.

इटलीने १९६७ मध्ये कायदा करून ठरवले, की आपल्या देशात तयार होणारा वाळवलेला पास्ता केवळ डुरम गव्हाच्या रव्याचाच असला पाहिजे. स्वस्त मऊ गहू मिसळून विकायला बंदी. १९८८ मध्ये युरोपच्या न्यायालयाने, दुसऱ्या देशात कायदेशीरपणे तयार झालेला मिश्र पास्ता इटलीत यायला अडवता येणार नाही, असा निकाल दिला. तरीही देशातील उत्पादकांना नियम तोच राहिला. एका कायद्याने गिऱ्हाइकाला चांगला माल मिळाला आणि डुरम पिकवणाऱ्याच्या गव्हाला कायमची मागणी राहिली. तरी गहू पुरत नाही म्हणून इटली बाहेरूनही डुरम आणते. तेव्हा शेतकऱ्यांनी गहू कुठला ते पाकिटावर छापा असा आग्रह धरला, आणि २०१८ पासून तसे छापणे सक्तीचे झाले.

आपल्या भगिनींना यात नवल वाटू नये. गहू ओलवून, सावलीत सुकवून, दळून, सपीट काढून शेवया करण्याचे शास्त्र आपल्या आजीला येतच होते. बोटवे, मालत्या, नखुले, गव्हले हे लग्नाच्या रुखवतात मांडले जाणारे प्रकार म्हणजे आपला हाताने वळलेला पास्ताच. इटलीच्या दक्षिणेला बारी नावाचे शहर आहे. तिथे जुन्या गल्लीतील बायका दारात पाट मांडून अंगठ्याने कणकेच्या ‘कानाच्या’ आकाराच्या वाट्या वळतात आणि विकतात. पाहणारा आपल्याकडचा असेल तर त्याला वाटेल, ही नखुलेच चालली आहेत.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने डुरम गव्हाचे अनेक वाण काढले आहेत. त्यांपैकी ‘एमएसीएस ४०२८’ हा कोरडवाहूसाठीचा वाण असून त्याच्या दाण्यात प्रथिने सुमारे १४.७ टक्के आहेत. शेवया, कुरडया, रवा यांसाठी ज्या बचत गटांना माल लागतो, त्यांनी आपल्या भागातील कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला अशा वाणांविषयी अवश्य विचारावे.

नावाची राखण

खानावळीच्या यादीत चीजचे, तेलाचे, घेवड्याचे गाव लिहितात असे वर म्हटले. ही केवळ हौस नाही. पार्मिजानो चीजच्या उत्पादकांचा संघ १९३४ पासून आहे. सुमारे ५५० लिटर दुधापासून ४० किलोचे एक चाक तयार होते. ते कमीत कमी १२ महिने मुरवतात. मग तज्ज्ञ माणूस लहान हातोडीने ठोकून, आवाजावरून आतली पोकळी ओळखतो. जे पास होईल त्यालाच शिक्का. ज्या गाईंचे दूध यासाठी वापरतात त्यांना मुरघास घालायला बंदी आहे, कारण मुरघासातील काही जंतूंमुळे चीज पुढे फुगते आणि तडकते. मुरघास हा दुधाच्या धंद्यात उत्तमच. पण त्या चीजला तो चालत नाही, म्हणून सगळे गवळी तो पाळतात. एकाने नियम मोडला तर सगळ्यांचे नाव जाते, हे त्यांना पटलेले आहे.

आपल्याला जवळचे आणखी एक उदाहरण म्हणजे मोझ्झारेल्ला. नेपल्सच्या आसपास, कासेर्ता आणि सालेर्नो भागात म्हशी पाळतात आणि म्हशीच्या दुधाचे ताजे, मऊ मोझ्झारेल्ला करतात. १९९६ मध्ये त्यालाही युरोपात नावाचे संरक्षण मिळाले. म्हशीचे दूध गाईच्या दुधापेक्षा दाट, त्याची चव वेगळी, म्हणून त्याला दरही वरचा. तेच नेपल्स पिझ्झ्याचेही गाव. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेची २०१७ मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. अस्सल नेपल्सचा पिझ्झा लाकडाच्या भट्टीत दीड मिनिटाच्या आत भाजतात. वर टोमॅटो, मोझ्झारेल्ला आणि तुळशीच्या कुळातील चार पाने. एवढेच. मक्याचे दाणे आणि पनीरचे ढीग हे आपल्याकडचे.

आपल्या देशात असा कायदा १९९९ मध्ये झाला आणि तो २००३ पासून अमलात आला. भौगोलिक मानांकन म्हणतात ते हेच. मंगळवेढ्याची ज्वारी, जळगावची भरिताची वांगी, भिवापूरची मिरची, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, नवापूरची तूरडाळ, कोल्हापूरचा गूळ या सर्वांना मानांकन मिळालेले आहे. पण कागद मिळाला म्हणजे काम झाले असे नव्हे. त्या नावाखाली दुसरा माल जाऊ नये म्हणून गावोगावच्या उत्पादकांनी एकत्र येऊन पहारा करावा लागतो, आणि ते नाव जेवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यावे लागते. जिल्ह्याच्या गावी किती खानावळींच्या फळ्यावर ‘मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी’ असे लिहिलेले दिसते?

शेतावरचे जेवण

ओस पडलेल्या घरांचे पुढे काय झाले, ते सांगण्यासारखे आहे. १९८५ मध्ये इटलीने ‘अग्रितुरिस्मो’चा, म्हणजे शेतावरील पाहुणचाराचा, राष्ट्रीय कायदा केला, २००६ मध्ये तो नव्याने बांधला. शेतकऱ्याने आपल्या घरात पाहुणे ठेवावेत, त्यांना जेवू घालावे, पण अट अशी, की शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे. जेवणातही आपल्या शेतातला आणि त्याच भागातला माल प्रामुख्याने वापरला पाहिजे. शेती मोडून नुसते हॉटेल काढायला या कायद्याने मुभा नाही. आज त्या देशात अशी २५ हजारांहून अधिक घरे आहेत आणि टस्कनी त्यात आघाडीवर आहे.

याच सुमारास, १९८६ मध्ये, रोममधील एका जुन्या चौकात परदेशी झटपट खाण्याचे दुकान निघाले तेव्हा त्याविरुद्ध निदर्शने झाली. त्यातून कार्लो पेत्रिनी यांच्या पुढाकाराने ‘स्लो फूड’ ही चळवळ उभी राहिली. सावकाश, चवीने, आपल्या मातीतले खा आणि पिकवणाऱ्याला त्याचा दाम द्या, असे तिचे म्हणणे. चांगल्या साध्या खानावळींची माहिती देणारे पुस्तकही या मंडळींनी १९९० पासून काढायला सुरुवात केली.

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले आहे. ज्यांना शेतावर पाहुणे ठेवायचे असतील त्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची चौकशी करावी.

दुसरी बाजू

तिकडचे सगळेच चांगले, असे समजू नये. गरिबाचे जेवण म्हणून सारे पौष्टिक, असेही नाही. उत्तर इटलीत अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात गरीब शेतमजूर जवळजवळ केवळ मक्याच्या पिठाचा ‘पोलेन्ता’ खात. त्यामुळे त्यांना पेलाग्रा नावाचा रोग जडे: कातडी काळवंडून सोलवटे, जुलाब होत, शेवटी भ्रम होई. मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला सहजी मिळत नाही. अमेरिकेतील मूळ रहिवासी मका चुन्याच्या पाण्यात शिजवत, त्यामुळे ते जीवनसत्त्व मोकळे होई. युरोपने मका आणला, पण ही रीत आणली नाही. आपल्याकडेही दख्खनमध्ये, नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्या गरिबांत हा रोग हैदराबादच्या पोषण संशोधकांना १९६० च्या सुमारास आढळला होता. म्हणून भाकरीबरोबर डाळ, उसळ, शेंगदाणे, पालेभाजी आणि जमल्यास दूध हवेच. पोलेन्ता आजही खानावळीत मिळतो, पण सोबत चार पदार्थ असतात.

दुसरी गोष्ट मजुरांची. पो नदीच्या खोऱ्यातील गोठ्यांत, जिथे पार्मिजानोचे दूध निघते, तिथे पंजाबातून गेलेली शीख मंडळी पुष्कळ आहेत आणि त्यांनी तिथे चांगले नाव कमावले आहे. परंतु भाजीपाल्याच्या शेतांत मुकादमांमार्फत परदेशी मजुरांची पिळवणूकही होते. त्याविरुद्ध २०१६ मध्ये कडक कायदा झाला. तरीसुद्धा जून २०२४ मध्ये रोमच्या दक्षिणेस लातिना भागात, शेतावर काम करणाऱ्या एका पंजाबी तरुणाचा हात यंत्रात सापडून तुटला आणि दवाखान्यात नेण्याऐवजी त्याला घरापाशी टाकून देण्यात आले, तो दगावला. परदेशी शेतावर कामाला जाण्याचे आमिष कोणी दाखवले, तर करार आणि परवाना तपासल्याशिवाय घरातील मुलाला पाठवू नये. अन्नाला नाव मिळाले म्हणजे ते पिकवणाऱ्या प्रत्येकाला न्याय मिळाला, असे होत नाही. त्यासाठी वेगळे जागे राहावे लागते.

आपल्या घरी

गेली तीस वर्षे शेतीच्या कामानिमित्त मी खेडोपाडी हिंडतो. ज्या ज्या घरी जेवलो, त्या बहुतेक घरी एक वाक्य ऐकले, ‘साहेब, गरिबाची चटणी-भाकरी आहे, गोड मानून घ्या.’ हे बोलणे नम्रतेचे असते, हे मला कळते. पण त्याच्या मागे थोडी लाजही असते. पाहुणा शहरातला असला की माउली भाकरी बाजूला ठेवून मैद्याच्या पुऱ्या तळते, मठ्ठा काढून बाटलीतले रंगीत पेय आणते. घरची हुलग्याची पिठी, अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या, मटकीची उसळ हे पुढे आणायला तिचा जीव धजत नाही. एका घरी मी मुद्दाम म्हटले, ‘वहिनी, मला हुलग्याची शेंगोळीच करा.’ त्या म्हणाल्या, ‘अहो भाऊ, ती काय पाहुण्याला घालायची वस्तू आहे?’ टस्कनीतल्या बाईने असाच विचार केला असता तर रिबोल्लिता यादीवर कधी आलीच नसती.

आणखी एक गोष्ट मी पाहतो. डेअरीला सगळे दूध घालून पोरांना बिनदुधाचा चहा देणारी घरे आहेत. उत्तम तूरडाळ विकून घरासाठी दुकानातली हलकी डाळ आणणारी घरे आहेत. पैशाची नड कोणाला चुकली? पण नड नसतानाही, चांगले ते बाजाराचे आणि उरलेले ते आपले, ही सवय पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरली आहे. ज्याला आपल्या मालाची चव ठाऊक नाही, तो त्याचा भाव कोणत्या तोंडाने सांगणार?

म्हणून चार गोष्टी सुचवतो.

एक, पिकवाल त्यातले उत्तम ते वर्षभर पुरेल इतके आधी घरासाठी काढा, मग विका.

दोन, पाहुणा आला की त्याला आपल्या शिवारातला एक तरी पदार्थ नाव घेऊन वाढा. ‘ही आमच्या माळाची मटकी, हा आमच्या खपलीचा सांजा’ असे सांगून वाढा. घरातल्या मुलांनाही ते ऐकू द्या.

तीन, सासूबाई, आजी यांना येणारे जुने पदार्थ, त्यांचे प्रमाण आणि धान्याचा वाण वहीत लिहून ठेवा. बचत गटाला किंवा शेतावरच्या पाहुणचाराला पुढेमागे हीच वही भांडवल म्हणून उपयोगी पडेल.

चार, गावात खानावळ असेल तर तिच्या मालकाला गावचाच माल घ्यायला सांगा आणि फळ्यावर गावचे नाव लिहायला लावा. माल मात्र नावाला शोभेल असाच द्या.

आणि परदेशी जाण्याचा योग आलाच, तर साध्या खानावळीत जाऊन खपलीचे सूप मागवा, हाताने वळलेल्या शेवया खा, शेवटी चीज आणि नासपती मागा. घरी परत आल्यावर आपल्या भाकरीकडे नव्या नजरेने पाहा.